आवाज बसलेला वकील: जॉन डनिंग

खटपट्या

विल्यम जोन्सवर काहीतरी शोधत होतो. जोन्स म्हणजे तोच, शाकुंतल इंग्रजीत नेणारा कलकत्त्याचा जज्ज. त्या जज्जाच्या खुर्चीसाठी तो बिचारा चारपाच वर्षं ताटकळला आणि शेवटी १७८३ ला ज्यांनी त्याच्यासाठी शब्द टाकला त्यात एक लॉर्ड ॲशबर्टन होता. म्हणलं हा कोण बाबा. तर हा मूळचा जॉन डनिंग, डेव्हनमधल्या एका छोट्या गावच्या वकिलाचा पोरगा. झालं, गेले पंधरा दिवस जोन्स राहिला बाजूला आणि मी ह्याच्याच मागे. बायको विचारते कोण मेलं तुमचं, इतकं काय वाचताय.

तर जन्म १८ ऑक्टोबर १७३१, गाव ॲशबर्टन, डार्टमूरच्या माळाच्या कडेला. शाळा गावातलीच, एका जुन्या चॅपलमध्ये भरणारी. शाळा सुटल्यावर बापाच्याच ऑफिसात उमेदवारी, म्हणजे दस्त लिहा, नकला करा, पक्षकारांना बसा म्हणा. १७५२ ला लंडन गाठलं, मिडल टेंपल ह्या वकिलांच्या संस्थेत नाव घातलं, १७५६ ला सनद मिळाली. खिशात पैसे नाहीत. ह्याचे दोन दोस्त होते, लॉइड केन्यन आणि जॉन हॉर्न, जो पुढे हॉर्न टूक म्हणून गाजला. तिघं चान्सरी लेनजवळच्या एका खाणावळीत साडेसात पेनीत जेवायचे. म्हातारपणी हॉर्न टूक सांगायचा की मी आणि डनिंग वाढणाऱ्या पोरीला एकेक पेनी तरी ठेवायचो, केन्यन मात्र कधी अर्धी पेनी द्यायचा आणि कधी नुसतं आश्वासन. हा आश्वासनवाला केन्यन पुढे इंग्लंडचा सरन्यायाधीश झाला ही गोष्ट वेगळी :)

सनद मिळाली पण कामच नाही. तीनचार वर्षं नुसता सर्किटवर फिरतोय, म्हणजे जज्ज लोक गावोगाव जाऊन कोर्ट भरवायचे त्यांच्या मागे वकिलांची पण वरात जायची, तसा. आणि मग एकदा पश्चिम सर्किटवर सार्जंट (ही तेव्हाची वरच्या दर्जाच्या वकिलांची पदवी) ग्लिन नावाच्या बड्या वकिलाला ऐनवेळी गाउटने धरलं, पाय टेकवेना, तर त्याने आपल्या सगळ्या फायली उचलून ह्या पोराच्या हातात दिल्या. पोराने त्या चालवल्या आणि लोकांनी मान वर करून बघितलं.

१७६२ मध्ये दुसरी संधी आली आणि ती थेट आपल्याकडच्या भानगडीतून. १७५९ ला बंगालमध्ये चिनसुऱ्याजवळ इंग्रजांनी डचांना बदडलं होतं, त्याची तक्रार डच कंपनीने युरोपात लावून धरली. तिला उत्तर द्यायला ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने जे लांबलचक निवेदन छापलं गेलं ते डनिंगने लिहिलेलं. कंपनी खूश, नाव झालं.

मग १७६५ चा लीचचा खटला. जॉन विल्क्स नावाच्या बंडखोर खासदाराच्या नॉर्थ ब्रिटन पत्राचा ४५ वा अंक राजावर टीका करणारा निघाला, सरकारने कुणाचंही नाव न घालता सरसकट वॉरंट काढलं की लेखक, छापणारे, प्रकाशक जो सापडेल तो उचला. त्यात ड्रायडन लीच नावाचा मुद्रक उचलला गेला ज्याने तो अंक छापलाच नव्हता. त्याने उलट सरकारी माणसांवर दावा ठोकला, ज्युरीने ४०० पौंड भरपाई दिली, सरकार वरच्या कोर्टात गेलं आणि तिथे लीचच्या बाजूने डनिंग उभा राहिला. तेव्हाचा सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डने सरकारी माणसांचं ऐकलं नाही. त्या दिवसापासून डनिंग पहिल्या रांगेत. १७६६ ब्रिस्टलचा रेकॉर्डर म्हणजे शहराचा जज्ज, जानेवारी १७६८ ला सॉलिसिटर जनरल म्हणजे सरकारचा दुसऱ्या नंबरचा वकील, त्याच वर्षी काल्न गावातून खासदार. खासदारकीचं फार कौतुक नको, काल्न म्हणजे लॉर्ड शेलबर्नच्या खिशातला मतदारसंघ, तो म्हणेल तो निवडून यायचा. पण मिडलसेक्सच्या लोकांनी निवडून दिलेल्या विल्क्सला संसद परत परत हाकलून लावत होती ते ह्याला पटलं नाही आणि १७७० मध्ये ह्याने सॉलिसिटर जनरलपद सोडलं. पद सोडल्यावर पुन्हा साध्या वकिलाचा साधा काळा झगा चढवून कोर्टात आला. मॅन्सफील्डने भर कोर्टात सांगितलं की ह्यांचा मान लक्षात घेता ह्यांना राजाचे वकील, सार्जंट आणि लंडनचा रेकॉर्डर ह्यांच्या पाठोपाठ बोलावलं जाईल.

पुढचं १७८० चं लिहायचंय, ते खरं मोठं प्रकरण, पण बोटं दुखली. तोवर कुणाला काय माहित असेल तर टाका.

टवाळ

पैला!
बायको बरोबर बोलतेय.

सनदधारी

खटपट्या नाना, ते ग्लिनच्या गाउटचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या जिल्हा कोर्टात मी ज्युनियर असताना अस्सं झालेलं. साहेबांना सकाळी अचानक ताप, फोनवर म्हणाले आज तारीख मागू नकोस, साक्षीदार लांबून आलाय, उलटतपास तू घे. मी म्हणलं साहेब मी फाइल नीट वाचली पण नाही. ते म्हणाले मी तरी कुठे वाचलीय. हातपाय थरथरत उभा राहिलो, पहिला प्रश्न विचारला तो पण चुकीच्या साक्षीदाराला. जज्ज भला माणूस होता म्हणून निभावलं. तेव्हा कुणाच्या तरी आजारपणावर उभी राहिलेली वकिली मला काही नवीन नाही, फरक एवढाच की डनिंग पुढे लॉर्ड झाला आणि मी अजून झेरॉक्सवाल्याशी हुज्जत घालतोय.

तुम्ही कमाईचं नाही लिहिलं. त्याची भरभराटीच्या काळात वर्षाला दहा हजार पौंडाच्या आसपास कमाई होती असं वाचलंय. त्या काळात हे म्हणजे अफाटच.

इतिहासवेडी

मस्त धागा. पण नाना, त्याच्या रूपाबद्दल एक ओळ नाही? तेच तर सगळ्यात भारी आहे. डनिंग दिसायला अतिशय कुरूप होता, ठेंगणा, जाड, चपट्या नाकाचा, मान सारखी हलायची, बोलताना घशातून खरखर आणि वर डेव्हनचा गावंढळ हेल जो लंडनमध्ये इतकी वर्षं राहून पण गेला नाही. १७७६ मध्ये किंग्स्टनच्या डचेसवर दोन नवरे केल्याचा खटला चालला, वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, अख्खं लंडन तिकिटं मिळवून बघायला आलेलं. फिर्यादीच्या बाजूने डनिंग होता. लेखिका हॅना मोर प्रेक्षकांत होती, तिने लिहून ठेवलंय की माणसाची तऱ्हा असह्य आहे, दर तीन शब्दांनी खोकतो आणि थुंकतो, पण बोलतो ते मात्र नेमकं टोचणारं.

आणि तो थर्लोचा किस्सा. थर्लो म्हणजे डनिंगनंतर सॉलिसिटर जनरल झाला तोच, पुढे लॉर्ड चान्सलर. त्याला एकदा डनिंगशी गुपचूप बोलायचं होतं म्हणून नँडोच्या कॉफी हाउसमध्ये गेला आणि वेटरला म्हणाला डनिंगसाहेबांना बोलाव. वेटर म्हणे मी ओळखत नाही त्यांना. थर्लो म्हणे अरे सोपं आहे, वर जा आणि जो माणूस किलवरच्या गुलामासारखा दिसेल तो डनिंग. वेटर गेला आणि बरोबर त्यालाच घेऊन आला म्हणतात.

टवाळ

किलवरचा गुलाम =)) =))
आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला आता हेच नाव.

खटपट्या

@सनदधारी, झेरॉक्सवाल्याशी हुज्जत =)) कमाईचं बरोबर. मेल्यावर १ लाख ८० हजार पौंड मागे ठेवले म्हणतात, आणि ते सगळे वकिलीतले, कारण बापजाद्यांची जमीनजुमला काही नव्हती.

@इतिहासवेडी, मी मुद्दाम नव्हतं लिहिलं, म्हणलं माणसाच्या रूपावर काय जायचं, पण आता निघालंच आहे तर अजून एक. हा सॉलिसिटर जनरल असताना की त्यानंतर प्रशियाला फिरायला गेला, बरोबर त्याचा खासदार मित्र कर्नल बारे. तिथला राजा फ्रेडरिक, त्याच्या दरबारी लोकांनी कागदावर 'सॉलिसिटर जनरल' वाचलं आणि त्यांना वाटलं हा कुठला तरी जनरल आहे. लगेच त्याला लष्करी कवायत बघायला बोलावणं आलं आणि एका उंच लढाऊ घोड्यावर चढवलं. वकीलसाहेब घोड्यावर, तोफा सुटल्यावर घोडा उधळला. त्यानंतर म्हणे त्याने ठरवलं की परदेशात जाताना हुद्दा सांगायचा नाही. खरं किती आणि मीठमसाला किती देव जाणे, पण त्या काळी लंडनमध्ये ही गोष्ट चवीने सांगायचे.

मॅन्सफील्डबरोबरचा किस्सा तर वकिलांना पाठच असेल. डनिंग काहीतरी मुद्दा रेटत होता, मॅन्सफील्ड वैतागून म्हणाला हा जर कायदा असेल तर मी घरी जाऊन माझी पुस्तकं जाळून टाकतो. डनिंग म्हणाला, त्यापेक्षा घरी जाऊन ती वाचा, महाराज.

बखरबहाद्दर

पुस्तकं जाळण्याचा किस्सा लोक हसून सांगतात पण त्याला एक कडू शेपूट आहे. १७८० च्या जूनमध्ये लंडनमध्ये गॉर्डन दंगल झाली, कॅथलिकांना थोड्या सवलती दिल्या म्हणून. तेव्हा जमावाने ब्लूम्सबरी स्क्वेअरमधलं मॅन्सफील्डचं घर फोडलं आणि त्याची अख्खी लायब्ररी रस्त्यावर आणून जाळली, हस्तलिखितं, टिपणं सकट. आयुष्यभराची मेहनत एका रात्रीत राख. आणि ज्या कायद्यावरून ही दंगल पेटली, १७७८ चा, तो संसदेत मांडला सर जॉर्ज सॅव्हिलने आणि त्याला अनुमोदन दिलं डनिंगने.

इतिहासवेडी

@बखरबहाद्दर, हे मला माहित नव्हतं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

मीनल_के

किलवरच्या गुलामावर हसून झालं असेल तर खऱ्या गुलामांकडे वळूया का?

इतकं कौतुक चाललंय पण सॉमरसेट खटल्याचा कुणी उल्लेखच करत नाहीये ह्याचं आश्चर्य वाटलं. थोडक्यात सांगते, नाही, थोडक्यात जमणार नाही. १७७१ च्या फेब्रुवारीत थॉमस लुईस नावाच्या काळ्या माणसाची केस होती. चेल्सीत राहणाऱ्या रॉबर्ट स्टेपिल्टनने हा माझा गुलाम आहे म्हणून दोन नावाड्यांकडून त्याला रात्री ओढत नेऊन थेम्सवर बोटीत घालून जहाजावर पाठवला होता. शेजारच्या बाईंनी, म्हणजे वनस्पतीशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सच्या आईने, आरडाओरडा ऐकून खटपट केली, गुलामगिरीविरुद्ध लढणारा ग्रॅनव्हिल शार्प धावला, जहाज सुटायच्या आत हुकूम पोचला आणि माणूस वाचला. मग स्टेपिल्टनवर खटला. लुईसच्या बाजूने कोण? डनिंग. कोर्टात शार्पने गुलामगिरीविरुद्ध लिहिलेलं पुस्तक हातात धरून तो म्हणाला की आमच्या कायद्यात माणसावर असली मालकी बसत नाही हे मी कुठेही उभा राहून सिद्ध करायला तयार आहे. ज्युरी ओरडली, मालकी नाही, मालकी नाही.

आता पुढच्याच वर्षी बघा. जेम्स सॉमरसेट. चार्ल्स स्टुअर्टने त्याला बोस्टनहून इंग्लंडला आणलेला, १७७१ मध्ये तो पळाला, नोव्हेंबरात पकडला, बेड्या घालून जमैकाला जाणाऱ्या जहाजावर डांबला. हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा असा हुकूम, मग मॅन्सफील्डपुढे सुनावणी, अख्ख्या देशाचं लक्ष. आणि डनिंगसाहेब कुणाच्या बाजूने? मालकाच्या!! वेस्ट इंडीजच्या मळेवाल्यांनी ह्या केसमागे पैसा लावला होता. शार्प इतका संतापला की त्याने लिहून ठेवलंय, वकिलांचं हे वागणं निंद्य आहे म्हणून. मला तर त्या कुरूप चेहऱ्यापेक्षा हे जास्त कुरूप वाटतं.

टवाळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सरकून बसा कुणीतरी.

सनदधारी

मीनलताई, तुमचा राग समजतो पण वकील म्हणून बोलणं भाग आहे. वकिलाने फक्त स्वतःला पटणारे अशील घ्यायचे म्हणलं तर नावडत्या माणसाला वकीलच मिळणार नाही. उद्या सगळं गाव ज्याच्या विरोधात आहे असा आरोपी येतो, आम्ही नाही म्हणलं की झालं, तो आत. माझ्याकडे एकदा असा माणूस आला होता की घरच्यांनी पण मला विचारलं तू ह्याचं वकीलपत्र कसं घेतलंस, दोन दिवस जेवण गार मिळालं. तरी घेतलं.

आणि डनिंगने कोर्टात काय म्हणलं ते पण बघा ना. उभा राहिल्या राहिल्या म्हणाला की माझं दुर्दैव की समोर बसलेले बहुतेक लोक आधीच दुसऱ्या बाजूचे आहेत, पण मला माझ्या अशिलाच्या कामाला येईल ते मांडलंच पाहिजे. गुलामगिरी चांगली असं तो म्हणाला नाही. परदेशात कायदेशीर असलेलं नातं इथे पाय ठेवल्या क्षणी विरघळतं का, एवढाच त्याचा प्रश्न.

मीनल_के

सनदधारी, तुमच्या आरोपीला वकील मिळाला नसता तर तो आत गेला असता. इथे उलट आहे. इथे आत कोण जाणार होता? सॉमरसेट, जमैकाला, विकायला. स्टुअर्टला डनिंग मिळाला नसता तर त्याला दुसरा कुणीतरी मिळाला असता, स्टुअर्टचा दुसरा वकील वॉलेस होताच की बाजूला, मळेवाल्यांकडे पैशाला तोटा नव्हता. हा गरीब अशिलाचा हक्क नाही, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी आहे.

आणि मुख्य म्हणजे आधीच्या वर्षी तो म्हणाला होता 'कुठेही उभा राहून'. नुसतं अशिलाच्या वतीने बोललो असं म्हणायची सोय त्याने स्वतःच ठेवली नव्हती. शिवाय सॉमरसेटच्या बाजूने कोण कोण होतं माहितीय? डेव्ही, हारग्रेव्ह जो तेव्हा अगदी नवखा होता, आणि सार्जंट ग्लिन. हो, तोच गाउटवाला ग्लिन. ज्याच्या फायलींवर हा मोठा झाला तो त्या बाजूला उभा आणि हा ह्या बाजूला.

सनदधारी

ग्लिनचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. हा चेंडू तुमचा.

तरी पण. २२ जून १७७२ ला मॅन्सफील्डने सॉमरसेटला सोडलं तो निकाल इतका जड का ठरला? कारण समोरची बाजू देशातल्या सगळ्यात चांगल्या वकिलाने पूर्ण ताकदीनिशी मांडली होती. लेचापेचा वकील असता तर मळेवाले म्हणाले असते आमचं म्हणणं नीट मांडलंच गेलं नाही.

खटपट्या

मी कुंपणावर. पण मॅन्सफील्डच्या पोटातला गोळा विसरू नका. तो आधीपासून दोन्ही बाजूंना सुचवत होता की आपसात मिटवा, स्टुअर्टने त्याला सोडून दिलं तर प्रश्नच संपला. कारण इंग्लंडात तेव्हा चौदापंधरा हजार असे लोक होते असा अंदाज होता आणि माणशी ५० पौंड धरले तर सात लाखांचा मामला. शेवटी कुणीच माघार घेईना तेव्हा म्हणाला आभाळ कोसळलं तरी न्याय झाला पाहिजे. आणि निकाल पण बेतानेच दिला, माणसाला जबरदस्तीने देशाबाहेर नेता येणार नाही एवढंच. गुलामगिरी संपली असं त्यात कुठे नाही.

मीनलताईंचं एक म्हणणं मात्र मला चुकवता येत नाही, ते 'कुठेही'.

लंडनकर

धागा उशिरा पाहिला. ॲशबर्टनवरून मी प्लिमथला जाताना अनेकदा गेलोय, मोठा रस्ता गावाला वळसा घालून जातो, आत शिरलं तर दगडी घरं, उताराचे बोळ आणि चहाची दुकानं. एकदा आत शिरलो होतो पण ह्या माणसाची काही कल्पना नव्हती, क्रीम टी खाऊन परत आलो. आता तुमच्यामुळे कळलं की गावच्या चर्चमध्येच त्याला पुरलंय.

अमेरिकेच्या बाजूची गोष्ट राहिली. २९ जानेवारी १७७४, व्हाइटहॉलमधली कॉकपिट नावाची जागा, प्रिव्ही कौन्सिलपुढे मॅसॅच्युसेट्सचा अर्ज: आमचा गव्हर्नर हचिन्सन आणि डेप्युटी ऑलिव्हर ह्यांना हटवा. अर्जदारांच्या वतीने बेंजामिन फ्रँकलिन हजर आणि त्याचे वकील डनिंग आणि जॉन ली. बोस्टनला चहा समुद्रात फेकल्याची बातमी नुकतीच लंडनला पोचलेली, कौन्सिलचे सदस्य खच्चून भरलेले, सगळ्यांना तमाशा हवा होता. आणि नेमका डनिंगचा घसा गेलेला, छातीचं दुखणं, आवाज इतका बारीक की पुढच्या रांगेलाच ऐकू जाईना. त्याच्यानंतर सरकारचा वेडरबर्न उठला आणि अर्ज बाजूला ठेवून तासभर फ्रँकलिनला चोर, हचिन्सनची खाजगी पत्रं पळवणारा असं काय काय बोलला, सदस्य हसून हसून टाळ्या देत होते. फ्रँकलिन मखमली कोट घालून पुतळ्यासारखा उभा, चेहऱ्यावरची रेष हलली नाही. तोच कोट त्याने १७७८ ला फ्रान्सशी तह करताना मुद्दाम घातला असं सांगतात.

डनिंगला उत्तर द्यायची संधी होती पण घसाच नव्हता. मला नेहमी वाटतं, त्या दिवशी त्याला आवाज असता तरी अर्ज फेटाळलाच गेला असता, पण फ्रँकलिन निदान एकटा पडला नसता.

टवाळ

ज्येष्ठमध नव्हतं का त्या देशात?

खटपट्या

@लंडनकर जबरदस्त. आता राहिलेलं १७८०.

१७८० पर्यंत अमेरिकेतलं युद्ध पाच वर्षं चालू, पैसा पाण्यासारखा चाललाय, जमीनमालकांवर कराचा बोजा, आणि तिसऱ्या जॉर्जचा लॉर्ड नॉर्थ पंतप्रधान म्हणून ढिम्म बसलाय. तो टिकतो कसा? तर खासदारांना नोकऱ्या, पेन्शनी, लष्कराची कंत्राटं, नातेवाइकांना पदं. म्हणजे राजाचं वजन. यॉर्कशरमधल्या ख्रिस्तोफर वायव्हिलने लोकांच्या सह्या गोळा करायला सुरुवात केली, मग एकेका परगण्यातून अर्ज यायला लागले, चाळीसेक अर्जांचा ढीग संसदेच्या टेबलावर.

आता तारखा बघा. ३१ मार्चला डनिंगने लग्न केलं, वयाच्या ४८ व्या वर्षी, एलिझाबेथ बॅरिंगशी, बँकवाल्या फ्रान्सिस बॅरिंगची बहीण. हा फ्रान्सिस पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा चेअरमन झाला. आणि लग्नाला आठवडा होत नाही तोच ६ एप्रिलला हे महाशय खोकत खोकत सभागृहात उठले आणि ठराव मांडला: राजसत्तेचं वजन वाढलं आहे, वाढत चाललं आहे आणि ते कमी केलं पाहिजे. बास. एक वाक्य. वाढलंय हे नाकारायचं तर अर्ज खोटे म्हणावे लागतात आणि मान्य करायचं तर राजाला दुखवावं लागतं, असा तो सापळा. सरकारच्या बाजूच्या डंडासने चलाखी केली, सुरुवातीला 'आता असं जाहीर करणं आवश्यक आहे' हे शब्द घालायची सूचना आणली, त्याला वाटलं एवढं उघड वाक्य बघून लोक बिचकतील. विरोधकांनी आनंदाने मान्य केलं. मतदान झालं, २३३ विरुद्ध २१५. सरकार १८ मतांनी हरलं. स्पीकर फ्लेचर नॉर्टन सुद्धा ठरावाच्या बाजूने बोलला!

आणि मग काय झालं? काहीच नाही. स्पीकर आजारी पडला म्हणून कामकाज दहाएक दिवस लांबलं, तेवढ्यात लोकांचा जोश ओसरला. २४ एप्रिलला डनिंगने पुढचा ठराव आणला की गाऱ्हाणी दूर होईपर्यंत संसद बरखास्त करू नका, तो ५१ मतांनी पडला. जूनमध्ये बखरबहाद्दर म्हणाले ती दंगल, लंडन जळताना बघून सगळे भले लोक घाबरून परत राजाच्या मागे. नॉर्थ अजून दोन वर्षं टिकला. अमेरिकेत यॉर्कटाउनला इंग्रज सैन्य शरण गेलं तेव्हा कुठे मार्च १७८२ मध्ये तो गेला.

बखरबहाद्दर

हेच आपल्याकडे शाळेत शिकवतात तेव्हा नुसतं ते एक वाक्य असतं, आणि वाटतं राजाची सत्ता त्या दिवशी संपली. अठरा दिवसांत फिरलं ते.

अवांतर: हॉर्न टूकवर १७७७ मध्ये, लेक्सिंग्टनच्या चकमकीत इंग्रज सैनिकांच्या हातून मेलेल्या अमेरिकनांसाठी वर्गणी काढली म्हणून खटला झाला, शिक्षा झाली. त्यावर त्याने १७७८ मध्ये जुन्या खाणावळीच्या मित्राला म्हणजे डनिंगला उद्देशून एक छापील पत्र लिहिलं. विषय काय तर इंग्रजीतले बारके बारके शब्द, अव्ययं, त्यांचा अर्थ काय धरायचा. तुरुंगाच्या शिक्षेवरून व्याकरणाचं पुस्तक! इथल्या शुद्धलेखनवाल्यांनी नोंद घ्यावी.

टवाळ

इथले शुद्धलेखनवाले उलट करतात, व्याकरणावरून शिक्षा देतात.

मीनल_के

नाना, पेन्शनचं पण लिहा की. तिथे का थांबलात?

खटपट्या

लिहितो हो, पळून नाही गेलो.

१७८२, नवीन सरकार, रॉकिंगहॅम पंतप्रधान, शेलबर्न त्यात मंत्री. शेलबर्नने राजाकडून परस्पर डनिंगला लॉर्ड करून घेतलं, ८ एप्रिल, बॅरन ॲशबर्टन. रॉकिंगहॅमला पत्ता नाही. तो इतका भडकला की आमच्या पण माणसाला लॉर्ड करा म्हणून अडून बसला, आणि दुसऱ्याच दिवशी स्पीकर नॉर्टन लॉर्ड ग्रँटली झाला. डनिंगला डची ऑफ लँकेस्टरचं मंत्रिपद आणि मंत्रिमंडळात जागा. आणि वर वर्षाला ४,००० पौंड पेन्शन, तहहयात. तिकडे घोड्यावरचा सोबती कर्नल बारे, त्याला ३,२००.

दोन वर्षांपूर्वी राजा पेन्शनी वाटून माणसं विकत घेतो म्हणून ठराव मांडणारा माणूस. वकिलीत लाखो मिळवलेला. लोका सांगे ब्रह्मज्ञान. माझ्याकडे ह्याचा बचाव नाही, सनदधारींकडे असेल तर त्यांनी वकीलपत्र घ्यावं.

सनदधारी

नाही घेत. पक्षकाराने गुन्हा कबूल केलाय असं समजा :)

एवढंच म्हणीन की लॉर्ड झाल्यावर वकिली बंद, म्हणजे दहा हजाराचं उत्पन्न गेलं त्याच्या बदल्यात चार हजार. हिशोबाने तोटाच. पण हो, घ्यायला नको होतं.

मीनल_के

हे म्हणजे ४८ व्या वर्षी लग्न केल्यावर माणसाला पोराबाळांची काळजी वाटते तसं काहीतरी असेल. त्यावर मी फार ओढून धरणार नाही. सॉमरसेटवर मात्र धरणार.

इतिहासवेडी

पोरांचं पण दुःखच आहे. दोन मुलगे झाले. मोठा १७८३ च्या एप्रिलमध्ये अगदी लहानपणीच गेला. त्या धक्क्यातून डनिंग सावरला नाही, आधीच छाती पोखरलेली. हवापालटासाठी एक्समथला समुद्रावर नेलं तिथे १८ ऑगस्ट १७८३ ला गेला, ५२ पण पूर्ण नव्हते. तेव्हा विल्यम जोन्स जहाजावर होता, कलकत्त्याच्या वाटेवर. सप्टेंबरात तो उतरला. ज्याने खुर्ची मिळवून दिली तो गेलाय हे त्याला मागाहून कळलं असणार. जोन्सने नंतर त्याच्यावर एक सुंदर टिपण लिहिलंय. धाकटा मुलगा रिचर्ड बारे डनिंग १८२३ ला निपुत्रिक वारला, घराणं संपलं. मग १८३५ ला ॲशबर्टन हे नाव बॅरिंगच्या घरात गेलं, डनिंगच्या बायकोच्या भाच्याकडे.

रेनॉल्ड्सने काढलेलं एक चित्र आहे, शेलबर्न, बारे आणि डनिंग तिघं एकत्र. डनिंग गेल्यावर पूर्ण झालेलं. त्यात तो फार काही कुरूप दिसत नाही, चित्रकाराची कृपा.

बखरबहाद्दर

शेवटाजवळची एक गोष्ट सांगतो, संसदेतल्या रॅक्सॉलने आपल्या आठवणींत लिहून ठेवलेली. मरणाच्या काही दिवस आधी डनिंगला प्रवासात बॅगशॉटच्या एका सराईत थांबवलं. तिथे कळलं की वॉलेस पण आलाय. जेम्स वॉलेस, अटर्नी जनरल राहिलेला, आणि मीनलताई, तुमच्या सॉमरसेट खटल्यात स्टुअर्टच्या बाजूने डनिंगच्या शेजारी बसलेला तोच. त्यालाही मरणाचं दुखणं, त्या नोव्हेंबरात तोही गेला. दोघांनाही धड चालता येत नव्हतं. नोकरांनी उचलून एका खोलीत आणलं, समोरासमोर दोन कोचांवर निजवलं आणि दोघं बराच वेळ बोलत पडून राहिले.

मीनल_के

काय बोलले ते लिहिलंय का त्याने?

बखरबहाद्दर

नाही. खोलीत नव्हता तो.

टवाळ

वकील होते, म्हणजे बाकी राहिलेल्या फीबद्दलच.

लंडनकर

बॅगशॉट माझ्या घरापासून तासाभरावर आहे. रविवारी पाऊस नसला तर जाऊन बघतो सराई उभी आहे का, आणि पुढच्या वेळी ॲशबर्टनला क्रीम टीच्या आधी चर्च.